दादाच्या नावे

माझ्याकडे लाल कापडी पाठीची एक वही आहे. बत्तीस वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे घरचा हिशेबही मी तसल्याच वहीत ठेवते. दूध, किराणा, लाइटबिल, गॅस, चर्चचा दशांश. या वहीत शेवटून सातव्या पानावर एक खातं आहे. वर नुसतं 'दादा' असं लिहिलंय. खाली ३१ मार्च २०१६ ची पहिली नोंद: नावे १५,४०,०००, म्हणजे त्याच्याकडून येणं.

दर वर्षी ३१ मार्चला मी त्यावर आठ टक्क्यांनी सरळव्याज लावायचे, म्हणजे १,२३,२०० रुपये, आणि बाकी पुढे ओढायचे. हे पैसे येणार नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ओढायचे.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जिभेला नगरच बसलंय) आईवडिलांचं चार खोल्यांचं घर होतं, अंगणात शेवग्याचं झाड. वडील लवकर गेले. आई २०१३ ला गेली. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे निम्मं घर माझं. पण भावाशी कायदा बोलायचा असतो हे माझ्या डोक्यातही नव्हतं. वर्षभराने तो म्हणाला, "बायडे, घर दुरुस्तीला कर्ज काढतोय. बँकेला उतारा एकाच्याच नावाचा लागतो. तू हक्कसोड करून दे, पुढचं आपण आपापसात बघू." मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले, मशीनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, सह्या केल्या. विनामोबदला हक्कसोडपत्र. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. त्या रसाचे दहा रुपयेसुद्धा पुढे एकदा रागाच्या भरात मी त्याच्या जमेला धरले होते, म्हणजे मी कुठल्या थराला गेले होते ते कळेल.

२०१६ च्या फेब्रुवारीत जुन्या शेजारणीचा फोन आला की जेसीबी आलाय आणि शेवगा पाडलाय. मी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून आणला. घर सव्वीस लाखांना विकलेलं. निम्मे तेरा लाख, आणि आई असताना स्लॅबसाठी मी दिलेले दोन लाख चाळीस हजार. झाले पंधरा लाख चाळीस. मी त्याच्या दारात गेले तेव्हा तो शर्टाची बटणं लावत होता. म्हणाला, "सही तूच केलीस ना?"

एवढंच. ते वाक्य मी किती वर्षं ऐकलं म्हणून सांगू! कुकरची शिट्टी होताना ऐकलं, एसटीत ऐकलं. त्याच वर्षी मुलीच्या बीएस्सी नर्सिंगची फी भरायची होती. माझ्याच पतसंस्थेत, माझ्याच टेबलासमोर, मी माझ्या पाटल्यांचं सोनेतारण केलं. मिस्टर म्हणाले कोर्टात जाऊ. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं ही ख्रिस्ती सहनशीलता. खरं तर मला भीती होती की कोर्टात माझीच सही मला दाखवतील.

आमची अडचण अशी की चर्च एकच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला नगरला आलं, आमचे पणजोबा त्यांच्याच काळात ख्रिस्ती झाले, आणि तेव्हापासून आमचं घराणं याच मंडळीत. लग्नं, बाप्तिस्मे, माती, सगळं इथंच. दादा डावीकडे तिसऱ्या बाकावर बसायचा, मी उजवीकडे पाचव्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकांतून फिरतो. त्याआधी पाळक वाचतात की प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावं आणि मग घ्यावं. मी परीक्षण करायचे आणि ट्रे तसाच पुढे द्यायचे. पलीकडे दादा डोळे मिटून घ्यायचा, रुमालाने ओठ टिपायचा. तीन वर्षं असं चाललं. ज्याने फसवलं तो घेतो आणि जी फसली ती ट्रे पुढे सरकवते, हा कुठला न्याय, असं मी देवाला विचारायचे. पण ते प्रार्थनेत नाही, घरी जाताना रिक्षात.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. "ताई, क्षमा करून टाका, हलकं वाटेल." जणू काही पोट साफ होण्याचं औषध. एका उपासनेला बाहेरगावचे वक्ते आले होते, ते म्हणाले की आज या क्षणी क्षमा केली नाहीत तर तुमच्या प्रार्थना छताला लागून परत येतील. मी घाबरून त्या रात्री गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हटलं, "प्रभू, मी दादाला क्षमा केली." बरं वाटलं. सकाळी दात घासता घासता मी त्याच्याशी भांडत होते. आरशात बघून, तोंडात फेस असताना. हे माझं निदान वीस वेळा झालं असेल. दर वेळी रात्री क्षमा, सकाळी फेस. मग मला वाटू लागलं की खोट माझ्याच विश्वासात आहे, आणि दादावरच्या रागात स्वतःवरचा रागही मिसळला.

लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाइलवर आली. पडद्यावरच्या एका चौकोनात दादा दिसला की मी माझा कॅमेरा बंद करायचे. त्या काळात मला चर्च फारसं आठवलं नाही, हे कबूल करते.

मग नवे पाळकसाहेब आले. वयाने माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. २०२२ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी दर बुधवारी विलापस्तोत्रांचा अभ्यास घेतला. मी साठीला टेकलेली बाई, लहानपणापासून शब्बाथशाळेत जाणारी, आणि मला हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं की स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं रडगाणी आणि तक्रारी आहेत. तेरावं सुरूच होतं ते 'कोठवर' या प्रश्नाने. अठ्ठ्याऐंशीव्यात तर शेवटीही आशा नाही, ते अंधारावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. पाळकसाहेबांनी गृहपाठ दिला: एक विलापस्तोत्र घरी मोठ्याने वाचा, नुसतं वाचू नका, आपलं प्रकरण त्यात घाला. ते म्हणाले, "देवाला सभ्य भाषाच कळते असं समजू नका."

मी एकशे नववं निवडलं. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. त्यात शत्रूला असे शिव्याशाप आहेत की चर्चमध्ये ते सहसा कुणी वाचत नाही. मिस्टर बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं आणि सुरू केलं. काय सांगू, फार बरं वाटत होतं! आवाज चढत गेला. त्याचे दिवस थोडे होवोत, म्हटलं होवोत. मग नववी ओवी आली: त्याची मुलं पितृहीन होवोत, त्याची बायको विधवा होवो.

तिथे मी थांबले. त्याची बायको म्हणजे वहिनी. माझ्या बाळंतपणात आई आजारी होती तेव्हा चाळीस दिवस जिने मला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, ती. तिच्या कपाळावरचं मी काय मागत होते? पुस्तक मिटलं आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. राग गेला नव्हता. पण आपला राग कुठपर्यंत जाऊन पोचतो ते मी पहिल्यांदाच उजेडात बघितलं.

पुढच्या बुधवारी मी पाळकसाहेबांना आडून विचारलं, ते ऋणाचं काय ते नीट सांगा. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयात तसंच आहे ना, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ते म्हणाले, येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात कर्जाला आणि पापाला एकच शब्द होता. आणि त्यांनी मत्तय अठरामधला तो दाखला काढला, दहा हजार तालांत कर्ज माफ झालेला चाकर आणि त्याला सोबत्याकडून येणं असलेले शंभर दीनार. आकडे दिसले की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं राबावं लागेल. बरोबर आहे, फिटणारं कर्जच नाही ते. पण मी दुसरा आकडाही मांडला. शंभर दिवसांची मजुरी. आज चारशे रुपये रोज धरला तर चाळीस हजार. आजवर ऐकलेल्या प्रत्येक प्रवचनात ते शंभर दीनार म्हणजे 'क्षुल्लक रक्कम' होती. ज्याने क्षुल्लक म्हटलं त्याने कधी रोजावर काम केलं नसणार. येशूने ती रक्कम शून्य धरली नव्हती. ती मजुराची तीन-चार महिन्यांची कमाई होती, आणि ती खरोखर बुडाली होती. का कोण जाणे, पण या हिशेबाने मला त्या वर्षभरातला सगळ्यात मोठा दिलासा मिळाला. माझे पंधरा चाळीस खरे होते. कुणीतरी ते मान्य केलं होतं.

ऑगस्टमध्ये दादाला अर्धांगाचा झटका आला. पहाटे पाचला न्हाणीत पडला. वहिनीला वाटलं साखर कमी झाली, तिने साखरपाणी पाजलं, पडून राहू दिलं. दवाखान्यात न्यायला दुपार झाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ केव्हाच टळली होती. उजवी बाजू गेली, आणि वाचाही.

मला फोन आला तेव्हा मनात पहिला विचार दादाचा नव्हता. माझी हाय लागली, हा होता. मार्चमध्ये मी दार लावून ते स्तोत्र वाचलं होतं, आणि ऑगस्टमध्ये हे. कुणाला सांगणार? शेवटी महिला मंडळातल्या मामींना सांगितलं. मामी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, पंचाहत्तरीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हायेत एवढी ताकद असती तर अर्धं नगर आडवं झालं असतं. त्याची बीपीची गोळी आठ महिने बंद होती, वहिनीला विचार जाऊन. आणि जातेच आहेस तर मी शिकवते तसं कर, नुसतं बिस्किटं घेऊन जाऊन रडू नकोस." मी म्हटलं, मामी, मला त्याचा अजून राग आहे. त्या म्हणाल्या, "असू दे की. रागाने त्याचं अंथरूण ओलं राहणार आहे का? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, १९०० ला. पाच वर्षं लागली त्या बाईला, आणि तू घाई करतेस."

वहिनीचे गुडघे गेलेले, भाचा पुण्याला. मी दिवसाआड जाऊ लागले. प्रेमाने नाही, हे लिहून ठेवते. वहिनीसाठी, आणि थोडं मामींच्या भीतीने.

मामींनी जे शिकवलं ते असं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर कंबरेला आणि टाचांना शय्याव्रण होतात. पातळ पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून पेज दाट, नाचणीची आंबील दाट, पाणीसुद्धा दाट करून चमच्याने. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घास. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि माणसाला ते कळत नाही. जेवण झालं की हातमोजा घालून बोट आत फिरवायचं आणि राहिलेलं काढायचं.

मी हे करायचे. ज्या तोंडाने मला "सही तूच केलीस ना" म्हटलं होतं, त्या तोंडात बोट घालून मऊ भाताची शितं काढायचे. जवळून बघितलं की तोंड हे फक्त तोंड असतं. मागची दाढ पडलेली, जीभ एका बाजूला वळलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. आणि घरी आल्यावर वहीत लिहायचे: दादा नावे, रिक्षा ८०, डायपर ४२०. हो, तेही मी त्याच्याच खात्यावर टाकत होते.

दादाची वाचा गेली तरी एक शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले असं होतं, एखादाच शब्द राहतो आणि माणूस सगळीकडे तोच वापरतो. त्याचा राहिला 'बायडे'. पाणी हवं, बायडे. लघवी लागली, बायडे. फिजिओथेरपीला येणारा दाढीवाला मुलगाही बायडे, खिडकीतली मांजर बायडे. जगात मला या नावाने हाक मारणारं आता तोच एक होता, आणि त्याने ते नाव मांजराला दिलं होतं. मला इतका संताप यायचा! वहिनी एकदा म्हणाली, "बघा वन्सं, सगळं गेलं पण तुमचं नाव राहिलं." मी काही बोलले नाही. डॉक्टर म्हणाले होते की कुठला शब्द राहील याला काही अर्थ नसतो. मी डॉक्टरांचंच धरून बसले.

संध्याकाळी सातला घरची प्रार्थना. एक दिवस वहिनीने प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि दादा बरोबर म्हणू लागला. अस्खलित. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून सगळी. आम्ही दोघी आ वासून बघत राहिलो. नंतर कळलं की पाठ असलेल्या गोष्टी, गाणी, प्रार्थना मेंदूतून वेगळ्या वाटेने येतात. बोलता न येणारी माणसं गाऊ शकतात. पण माझं लक्ष एकाच ओळीकडे होतं. आता ऋणाची ओळ येणार. मला वाटलं तिथे तो अडखळेल, माझ्याकडे बघेल, रडेल. काहीतरी होईल. तो घडाघड पुढे गेला. टेप लागावी तसा. दुसऱ्या दिवशीही तसाच, तिसऱ्या दिवशीही. त्या ओळीवर अडखळले ती मी. कारण इतक्या वर्षांत मी ते क्रियापद ऐकलंच नव्हतं. 'सोडू' नाही, 'सोडतो' नाही, 'सोडले आहे'. झालेलं काम. मी रोज देवासमोर बसून खोटं बोलत होते, आणि समोर दादा न कळता तेच म्हणत होता. मी त्या ओळीला गप्प बसू लागले. वहिनीच्या लक्षात आलं असावं, तिने काही विचारलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ते झालं जे मी अजून फार थोड्यांना सांगितलंय. दुपारची वेळ. मी चादर बदलत होते, त्याला कुशीवर वळवायचं होतं आणि तो अंग ताठ करून "बायडे, बायडे" करत होता. त्याला काय हवं होतं कुणास ठाऊक. सकाळीच त्या जुन्या घराच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीवरून माझी रिक्षा गेली होती. मी त्याचा लुळा हात धरला आणि ओढला. चुकून नाही. मला माहीत होतं तो कुठला हात आहे. तो ओरडला, शब्द नसलेलं काहीतरी, आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. दारात उभी असताना माझी अशीच असणार.

दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. वहिनी म्हणाली, कसा काय सुजला? मी म्हटलं, बघू, शेकू. तो कुणाला सांगू शकत नव्हता. माझ्याकडे सही होती, निदान कागद तरी होता. त्याच्याकडे काहीच नव्हतं. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी वहिनीला सांगितलं, मी ओढला, मुद्दाम ओढला. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "मी दिवाळीच्या आधी एकदा त्याला थोबाडीत मारली. तिसऱ्यांदा चादर ओली केली तेव्हा." मग आम्ही दोघी काही न बोलता लसूण सोलत बसलो. बऱ्याच वेळाने तिने घराचंही सांगितलं. विकेपर्यंत तिलाही पत्ता नव्हता. भाच्याच्या धंद्याचं देणं अंगावर आलं होतं, पैसे एका महिन्यात गेले. हे कळून माझे पैसे कमी बुडाले असं काही झालं नाही. पण ते घेऊन दादाने चैन केली हे जे चित्र मी आठ वर्षं रंगवत होते, ते पुसलं गेलं.

आत जाऊन मी दादाला म्हटलं, "दादा, मी तुझा हात ओढला. माझं चुकलं." तो म्हणाला, "बायडे." आता याचा अर्थ काय लावायचा?

घरी येऊन वही काढली. त्याच्या खात्याला जमेची बाजू जवळजवळ कोरी होती, उसाचा रस सोडला तर. तिथे तारीख घातली आणि लिहिलं: खांदा. रकमेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तो रकाना अजून रिकामा आहे.

त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला आला. पहाटे साडेपाचला स्मशानभूमीतली पुनरुत्थानाची उपासना, आईवडिलांच्या थडग्यावर फुलं, आणि संध्याकाळी माझी वर्षअखेर. पतसंस्थेत बुडीत कर्जाचं काय करतात ते सांगते, कारण लोकांना हे माहीत नसतं. आधी तरतूद करावी लागते. म्हणजे संस्थेने आपल्याच नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढायची. कर्जदार काही देत नाही, सोसते ती संस्था. पूर्ण तरतूद झाली की मग कर्ज निर्लेखित करतात, ताळेबंदातून बाहेर. पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. निर्लेखित कर्जाचीही वसुली चालू ठेवता येते. माफी वेगळी, तिच्यात हक्कच सोडायचा असतो. हक्कसोड. आणि माझं हक्कसोडपत्र २०१४ मध्ये फसवून घेतलेलं होतं, स्वतःहून दिलेलं नव्हतं.

दादाच्या पानावर व्याज धरून आणि रिक्षा-डायपरचे ११,३४० मिळवून, रसाचे दहा वजा जाता बाकी झाली २५,३६,९३०. मी ती मांडली. नवीन पान काढलं. पुढे ओढायला पेन टेकवलं, आणि नाही ओढली. एवढंच केलं. 'माफ' असं लिहिलं नाही, कारण ते त्या दिवशी खरं ठरलं नसतं. रडूबिडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. मिस्टरांनी विचारलं टॅली झालं का, म्हटलं झालं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ट्रे आला तेव्हा मी एक पेला घेतला. हात थरथरल्याने थोडा रस पदरावर सांडला, तो डाग अजून आहे.

एप्रिलमध्ये राग परत आला. मे महिन्यातही आला. त्या गल्लीतून मी अजून जात नाही, रिक्षावाल्याला वळसा घ्यायला सांगते. पाळकसाहेबांना म्हटलं, मला वाटलं होतं संपलं. ते म्हणाले, पेत्राने सात वेळा क्षमा करू का असं विचारलं तेव्हा येशूने साताच्या सत्तर वेळा का सांगितलं असेल? सगळे धरतात की तो माणूस पुन्हा पुन्हा नवे अपराध करेल म्हणून. एकाच अपराधाची चारशे नव्वद वेळा क्षमा करावी लागते हेही असेल. हे त्यांचं स्वतःचं मत, पण मला पटलं. आता दात घासताना भांडण सुरू झालं की मी मोजते. चुकतं मोजणं, पण मोजते.

ख्रिस्ती प्रेम म्हणून जे काही म्हणतात ते माझ्या वाट्याला असं आलं, चमच्याने आणि हातमोज्याने. भावना बऱ्याचदा मागून आली, काही वेळा आलीच नाही. आणि एक सांगते, मी बावळट झालेले नाही. मागच्या वर्षी भाचा जामीनदार होशील का विचारायला आला होता. त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि नाही म्हटलं. तो म्हणाला, आत्या, तू तर पप्पांना माफ केलंस ना? मी म्हटलं, बाळा, पोहे घे अजून.

परवा संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, उद्या येताना अर्धा किलो तांदळाची कणी आणा, इथली संपली. आणि त्यांना थोडी खजूर. मागतायत." मी विचारलं, मागतायत म्हणजे? काय म्हणाले? "बायडेच म्हणाले हो, पण खजुराच्या डब्याकडे बोट करून."

कणी घेतली, खजूर घेतली, जाऊन आले. रात्री वही काढून दिवसाचा खर्च लिहिला. दूध, पालक, कणी, खजूर, रिक्षा. बेरीज मारताना लक्षात आलं की कणी आणि खजूर घरखर्चातच लिहिली गेली. चष्मा वर करून पुन्हा बघितलं. खोडून दुसऱ्या पानावर न्यायचा कंटाळा आला. बेरीज बरोबर होती.